चिपाडाचे रसायन आणि चिपाडाची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१८४२ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत जर्मनीतील कोलोन येथील 'ऱ्हाइनिश त्सायटुंग' या वृत्तपत्रात लाकूडचोरीच्या कायद्यावर एक लेखमाला प्रसिद्ध झाली. जंगलात गळून पडलेल्या वाळक्या काटक्या वेचणे हाही चोरीचाच गुन्हा मानावा की काय, यावर ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळात जो खल झाला होता, त्याची चिकित्सा तीत केलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या गोरगरीब ज्या काटक्यांवर हिवाळा काढीत आले, त्यांवर जंगलमालकाची मालकी कधी आणि कशी बसली, हा त्या लेखमालेचा प्रश्न होता. लाकडाला बाजारात भाव येऊ लागला आणि कालची रूढी आज गुन्हा ठरली, एवढेच काय ते घडले होते. लेखक चोवीस वर्षांचा होता. त्याचे नाव कार्ल मार्क्स. आर्थिक प्रश्नांकडे आपले लक्ष प्रथम वळले ते या आणि अशा प्रकरणांमुळे, अशी नोंद त्याने पुढे १८५९ साली स्वतःच करून ठेवली आहे.

एकशेऐंशी वर्षांहून जुन्या या वादाची आठवण आज करावयाची ती रसायनशास्त्रामुळे. उसाचे चिपाड, भाताचा पेंढा, मक्याची कणसे सोलून उरलेली बुरकुंडे, कपाशीच्या पऱ्हाट्या, लाकडाचा भुसा या साऱ्यांना एका नावाने 'जैवभार' म्हणण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे, आणि या जैवभारापासून प्लास्टिक, धागा, रंग, औषधे, इंधन बनवण्यासाठी लागणारे उत्प्रेरक शोधण्याचे काम जगातील शेकडो प्रयोगशाळांत चालू आहे. वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते ती बहुधा 'कचऱ्यातून सोने' अशा मथळ्याखाली. हा मथळा वाचताच समाजवादी कार्यकर्त्याने दोन प्रश्न विचारावयास हवेत. सोने कोणाच्या तिजोरीत जाणार, हा एक. आणि ज्याला कचरा म्हटले तो खरोखर कचरा होता काय, हा दुसरा. मात्र त्याआधी हे रसायन आहे तरी काय, ते समजून घेणे भाग आहे. कारण अज्ञानातून केलेला विरोध आणि अज्ञानातून केलेला जयजयकार हे दोन्ही मालकवर्गाच्याच सोयीचे असतात.

उत्प्रेरक हा शब्द अवघड वाटला तरी वस्तू रोजच्या व्यवहारातली आहे. स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला वेग देणारा, आणि पुष्कळदा तिची दिशाही ठरवणारा जो पदार्थ, तो उत्प्रेरक. पातळ तेलाचे थिजलेले वनस्पती तूप होते ते निकेलच्या बारीक कणांमुळे. युरियासाठी लागणारा अमोनिया हवेतल्या नायट्रोजनापासून बनतो तो लोखंडाच्या उत्प्रेरकामुळे. या घटनेला 'कॅटॅलिसिस' हे नाव स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ मध्ये दिले. विसाव्या शतकात या विद्येचा जो अफाट विस्तार झाला तो मुख्यतः खनिज तेलाच्या छायेत झाला, आणि आजच्या अडचणींचे मूळही तेथेच आहे.

खनिज तेलात कार्बन आणि हायड्रोजन असतात. ऑक्सिजन जवळजवळ नसतो. म्हणून तेलाचे रसायनशास्त्र हे मुख्यतः मोठे रेणू तोडण्याचे आणि त्यांवर हवा तेथे ऑक्सिजन चढवण्याचे शास्त्र आहे. वनस्पतीचे सारे उलटे. वाळलेल्या काडीच्या वजनात सुमारे ४० टक्के ऑक्सिजनच असतो. तेथे काम चढवण्याचे नसून उतरवण्याचे आहे, आणि तेही सांगाडा न मोडता. तेलाची वाफ करून ती उत्प्रेरकावरून सोडता येते. काडी तापवली तर तिची वाफ होत नाही, कोळसा होतो. म्हणून तिची क्रिया गरम पाण्यात, मोठ्या दाबाखाली करावी लागते. आणि तेलासाठी घडवलेले कितीतरी उत्प्रेरक गरम पाण्यात टिकतच नाहीत. शिवाय काडीबरोबर मातीतली वाळू, पोटॅशियम, गंधक हेही येतात आणि उत्प्रेरकाच्या सूक्ष्म छिद्रांवर बसतात. काही दिवसांत त्यावर काजळीचा लेप चढतो व तो निकामी होतो. प्रयोगशाळेतल्या शुद्ध सेल्युलोजवर दिमाखाने चालणारा उत्प्रेरक कारखान्याच्या आवारातल्या खऱ्या चिपाडावर चालेलच असे नाही. ही शास्त्रातली गोष्ट आहे, पण अंदाजपत्रकात तिला मोठे महत्त्व असते.

कोरड्या चिपाडात ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, पाव भागाच्या आसपास हेमिसेल्युलोज आणि पाचव्या हिश्श्याच्या जवळपास लिग्निन असते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेच्या कड्यांची लांब साखळी. कापसाचा धागा हे तिचे जवळजवळ शुद्ध रूप. धोतर कितीही उकळले तरी पाणी गोड होत नाही, यावरून या साखळीच्या चिवटपणाची कल्पना यावी. हेमिसेल्युलोज त्या मानाने लवकर फुटते. लिग्निन हा लाकडाला ताठपणा देणारा घटक सर्वांत हट्टी. आजही तो बहुतेक ठिकाणी बॉयलरमध्ये जाळला जातो.

यांतले हेमिसेल्युलोज वापरण्याची कला नवी नाही. येना येथील योहान डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाने साखरेवर आम्लाची क्रिया करताना मिळालेल्या एका तेलकट द्रवाची माहिती १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. (प्लॅटिनमच्या स्पर्शाने हायड्रोजन पेटवणारा दिवा १८२३ मध्ये बनवणारा तो हाच, उत्प्रेरकाच्या इतिहासात त्याचे नाव असे दोनदा येते.) पुढे तो द्रव कोंड्यापासून सहज मिळतो असे आढळल्यावर कोंड्याच्या लॅटिन नावावरून त्याला 'फरफ्यूरल' म्हणू लागले. १९२२ च्या सुमारास अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने आयोवा राज्यातल्या आपल्या कारखान्यात पडून असलेल्या जुन्या भट्ट्यांत ओटची टरफले, सौम्य गंधकाम्ल आणि वाफ घालून त्याचे उत्पादन सुरू केले. येथे आम्ल हाच उत्प्रेरक. या टरफलांपासून निघालेल्या फरफ्यूरलवर पुढे काही काळ नायलॉनसुद्धा बनत होते. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील ला रोमाना आणि दक्षिण आफ्रिकेतील सेझेला येथील साखर कारखाने चिपाडापासून फरफ्यूरल काढीत आले आहेत. त्याच फरफ्यूरलपासून तांब्याच्या उत्प्रेरकाने जे अल्कोहोल बनते, त्याचे रेझिन लोखंडाच्या ओतकामात वाळूचे साचे बांधण्यास वापरतात. कोल्हापूरच्या एका वेशीवर ऊस आहे आणि दुसऱ्या वेशीवर फाउंड्र्या आहेत. मधला दुवा मात्र फार करून बाहेरून येतो, हे सहकाराच्या राजधानीला भूषणावह नाही.

आता दुसरा मार्ग मद्यार्काचा. येथे इतिहास अधिक कठोर आहे आणि समाजवाद्यांना त्याकडे पाठ फिरवता येणार नाही. सोविएत संघाला रबर हवे होते आणि रबराची झाडे त्याच्या हवामानात वाढत नव्हती. लेनिनग्राडच्या सर्गेई लेबेदेव याने मद्यार्काची वाफ धातूंच्या ऑक्साइडांच्या मिश्रणावरून सुमारे ४०० अंश तापमानाला नेली आणि एकाच टप्प्यात ब्युटाडाईन मिळवले, त्यापासून रबर. १९२७ च्या डिसेंबरअखेरीस त्याने दोन किलो रबराचा नमुना सादर केला आणि १९३२ च्या जुलैत यारोस्लाव्हल येथे कारखाना उभा राहिला. साडेचार वर्षांत प्रयोगशाळेतून कारखान्यात! सार्वजनिक मालकीची आणि नियोजनाची ताकद काय असते याचा हा निर्विवाद पुरावा आहे. परंतु तो मद्यार्क बटाटे व धान्य यांपासून बनत असे, आणि १९३२-३३ ही युक्रेन, कझाकस्तान व व्होल्गाकाठच्या भयानक दुष्काळाची वर्षे होती. लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. रबराने दुष्काळ आणला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि ज्या राजवटीत शेतकऱ्याच्या घरातले धान्य सक्तीने उचलले जात होते, त्याच राजवटीत धान्याचे टायर करण्याचे तंत्र विजयोत्सवाने मिरवले जात होते, ही नोंद पुसता येत नाही. उत्प्रेरकाला धान्य आणि भुसा यांतला भेद कळत नाही. तो राज्यकर्त्यांना कळावा लागतो. पुढे लाकडाच्या भुशावर आम्लाची क्रिया करून साखर व मद्यार्क काढणारे कारखाने सोविएत संघात उभे राहिले आणि धान्यावरचा भार काहीसा हलका झाला. १९९१ नंतर त्यांतले बहुतेक बंद पडले.

अमेरिकेचीही कथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलायाचे रबर तोडल्यावर अमेरिकेतील कृत्रिम रबराच्या पहिल्या मोठ्या उत्पादनात निम्म्याहून अधिक ब्युटाडाईन मद्यार्कापासून आले. युद्ध संपले, तेल स्वस्त होते, आणि मद्यार्काचे कारखाने बंद करण्यात आले. उत्प्रेरकात तेव्हा काहीही बिघडलेले नव्हते.

हाच अनुभव भारताला थोड्या उशिरा आला. १९५९ साली पश्चिम बंगालमधील रिश्रा येथे मद्यार्कापासून पॉलिथीन बनू लागले. १९६३ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ मद्यार्कावर चालणारा कृत्रिम रबराचा कारखाना सुरू झाला. मद्यार्क मळीचा, आणि मळी साखर कारखान्यांची. १९६१ च्या मळी नियंत्रण आदेशाने तिचा भाव सरकारने बांधून ठेवलेला होता, आणि तो नाममात्र होता. म्हणजे ज्याला देशी रसायन उद्योगाचा पाया म्हणून गौरवले गेले, त्या पायाचा एक चिरा ऊस उत्पादकाच्या खिशातून आलेला होता. त्याबद्दल ना त्याला भाग मिळाला ना आभार. इकडे साठीच्या दशकात तुर्भे-ठाणे पट्ट्यात नॅफ्था फोडणारे कारखाने आले आणि ऐंशीच्या दशकापर्यंत तेलाचे रसायन मद्यार्काच्या रसायनाला मागे रेटून पुढे गेले. १९९३ मध्ये मळीवरील केंद्रीय नियंत्रण उठले तेव्हा मद्यार्काचा खरा ग्राहक दारूचा धंदा होऊन बसला होता. काशीपूरचा इंडिया ग्लायकॉल्स हा कारखाना १९८९ पासून मळीच्या मद्यार्कावर इथिलीन ग्लायकॉल बनवीत तगून राहिला, तो अपवाद. बरेलीचा कारखाना बंद आहे. त्याचे नाव उरले आहे ते कायद्याच्या पुस्तकांत: औद्योगिक मद्यार्कावर राज्यांचा अधिकार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल त्या कंपनीच्या खटल्यातला, आणि २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो आठ विरुद्ध एक अशा बहुमताने फिरवला. औद्योगिक मद्यार्काचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार आता मान्य झाला आहे. महाराष्ट्र सरकार त्याचा उपयोग केवळ कर वसूल करण्यासाठी करणार की मद्यार्कावर आधारलेल्या रसायन उद्योगाला वळण देण्यासाठी, हे विधिमंडळात विचारले गेले पाहिजे.

या सगळ्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने जे काम केले ते कार्यकर्त्यांना फारसे ठाऊक नसते. १९५० साली उघडलेल्या या सरकारी प्रयोगशाळेत पुढे झिओलाइट या चाळणीसारख्या रचनेच्या उत्प्रेरकांवर मोठे संशोधन झाले. ठरावीक मापाचाच रेणू आत शिरावा आणि ठरावीक मापाचाच बाहेर पडावा, अशी ही चाळणी असते. मद्यार्क आणि बेन्झीन यांपासून एथिलबेन्झीन, म्हणजे पॉलिस्टायरीनचा कच्चा माल, बनवण्याची पद्धत येथे विकसित झाली आणि ती विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्स या कारखान्यात वापरात आली. परदेशी कंपन्यांच्या परवान्यांवर जगणाऱ्या भारतीय उद्योगाला हा मोठा धडा होता. पुढे तो कारखाना कोरियन कंपनीच्या हाती गेला आणि तेथेच ७ मे २०२० च्या पहाटे साठवलेल्या स्टायरीनची वाफ शेजारच्या वस्तीत पसरून १२ माणसे मेली. या अपघाताचा संशोधकांशी संबंध नाही. पण वनस्पतीपासून आलेले म्हणजे निरुपद्रवी, असा जो भाबडा समज हरित जाहिरातबाजीने पसरवला आहे, त्याला या ठिकाणी उत्तर मिळते. स्टायरीन तेलाचे असो वा उसाचे, टाकीतून सुटले की ते सारखेच मारते. आणि कारखाना निरीक्षकाची गरज दोन्हीकडे सारखीच असते.

खुद्द सेल्युलोज फोडण्यात मोठे पाऊल पडले ते या शतकात. २००६ साली जपानच्या होक्काइदो विद्यापीठातील अत्सुशी फुकुओका आणि परेश ढेपे यांनी सेल्युलोज, पाणी आणि हायड्रोजन एकत्र तापवून, अॅल्युमिनावर बसवलेल्या प्लॅटिनमच्या साहाय्याने, एकाच भांड्यात त्याचे सॉर्बिटॉलसारख्या साखर-अल्कोहोलांत रूपांतर करून दाखवले. उतारा सुमारे ३१ टक्के होता. ढेपे यांचे पुढचे काम पुण्याच्या याच राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाले. प्लॅटिनम हा तर दागिन्याचा धातू. म्हणून २००८ मध्ये चीनमधील दालियन येथील संशोधकांनी निकेल आणि टंगस्टन कार्बाइड वापरले आणि सेल्युलोजपासून थेट इथिलीन ग्लायकॉल मिळवले, तेही सुमारे ६१ टक्के उताऱ्याने. इथिलीन ग्लायकॉल म्हणजे पॉलिएस्टर धाग्याचा अर्धा भाग. इचलकरंजी आणि भिवंडीच्या मागांवर चढणारा धागा तेलविहिरीऐवजी शेतातून येऊ शकतो, हे रसायनदृष्ट्या सिद्ध झाले आहे. परवडण्याचा प्रश्न उरतो. तसेच सजीवांनी बनवलेले उत्प्रेरक, म्हणजे विकरे, वापरून पानिपत येथे इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. नऊशे कोटी रुपयांहून अधिक खर्च, वर्षाला दोन लाख टन पेंढा, तीन कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे घोषित आकडे आहेत. तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीज या खाजगी कंपनीचे.

एका कारखान्यास नऊशे कोटी. हा आकडा ऐकून साध्या सहकारी संस्थेच्या संचालकाचे डोळे फिरतील. येथेच मालकीचा प्रश्न रसायनाच्या आत शिरतो. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात छोट्या यंत्राचा आग्रह धरला तेव्हा अनेकांनी त्याची गणना स्वप्नरंजनात केली. जैवभाराच्या बाबतीत मात्र छोट्या यंत्राच्या बाजूने खुद्द कच्चा मालच साक्ष देतो. पेंढा हलका आणि फुगीर असतो. ओल्या चिपाडाचे निम्मे वजन पाण्याचे असते. तो दूरवर वाहून नेणे म्हणजे हवा आणि पाणी वाहून नेणे. उलट मोठ्या दाबाची भांडी, हायड्रोजन, उत्प्रेरकाचे पुनरुज्जीवन यांना मोठे भांडवल लागते. फोडणी गावाजवळ आणि शुद्धीकरण तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी, अशी विभागणी शक्य आहे. पण तशी विभागणी साधणारे उत्प्रेरक, म्हणजे कमी दाबावर चालणारे, स्वस्त धातूंचे, मातकट चिपाडावरही टिकणारे उत्प्रेरक, बाजाराच्या प्रेरणेने आपोआप शोधले जाणार नाहीत. काय शोधावे हे ज्याचा पैसा तोच ठरवतो.

आणि पैसा कोणाचा असू शकतो याचे उदाहरण घरातच आहे. १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांनी स्थापन केलेली संस्था पुण्याजवळ मांजरी येथे आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने उभी आहे. शेतकऱ्यांच्या मालकीची संशोधनसंस्था जगात फार ठिकाणी नसेल. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा यंत्र परदेशी होते, पण मालकी गावची होती. त्या प्रयोगाचे पुढे काय झाले, कारखाने कोणत्या घराण्यांच्या अंकित झाले आणि आजारी पाडून कोणाला किती स्वस्तात विकले गेले, याची उजळणी या सभेपुढे करण्याची जरूर नाही. तरीही सहकाराचा तो सांगाडा अजून शिल्लक आहे. राष्ट्रीय प्रयोगशाळेने जनतेच्या करातून शोधलेला उत्प्रेरक खाजगी कंपनीला परवान्याने देण्यापूर्वी सहकारी संघाला त्यावर पहिला हक्क असावा, ही मागणी अवास्तव नाही.

पण सहकारी मालकीनेही प्रश्न सुटत नाही, आणि हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. रंगराजन समितीने २०१२ साली उसाच्या भावासाठी महसूल वाटपाचे सूत्र सुचवले: साखर आणि उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातील ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाचा. महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने ते स्वीकारले. या सूत्रात जे उपपदार्थ धरले जातात ते प्राथमिक, म्हणजे चिपाड, मळी आणि प्रेसमड. 'प्राथमिक' या एका विशेषणात पुढच्या पन्नास वर्षांचा झगडा दडलेला आहे. चिपाड जोवर बॉयलरमध्ये जळत होते तोवर त्याची किंमत कोळशाच्या तोडीची होती. उद्या त्याच चिपाडाचे फरफ्यूरल, सॉर्बिटॉल, ग्लायकॉल झाले तर किंमत अनेक पटींनी वाढणार. आणि ती वाढ 'प्राथमिक' या कुंपणाच्या पलीकडे होणार. कारखान्याने एक वेगळी कंपनी काढावी, तिला जळाऊ भावाने चिपाड विकावे, आणि रसायनाचा नफा त्या कंपनीच्या भागधारकांना द्यावा, यात कायद्याचा भंग होणार नाही. मळीच्या बाबतीत तीस वर्षे जे सरकारी आदेशाने घडले, ते चिपाडाच्या बाबतीत खाजगी कराराने घडेल.

हे झाले ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याचे. सातबाऱ्याबाहेरच्या माणसाचे काय? बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतून उचल घेऊन निघालेले नवरा-बायकोचे जोडपे, ज्याला मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात, ते ऊस तोडते तेव्हा शेंड्याचे वाढे त्याच्याकडे राहतात. ती त्याच्या बैलांची वैरण आणि उरलेल्या वाढ्यांच्या पेंढ्या विकून येणारा रोजचा मीठमिरचीचा पैसा. कोणत्याही सरकारी कागदावर हा हक्क लिहिलेला नाही. रूढीने चालत आला आहे, ऱ्हाइनकाठच्या काटक्यांसारखाच. जैवभाराच्या सर्वेक्षणात मात्र पाचट आणि वाढे 'अतिरिक्त अवशेष' या सदरात जातात, कारण सर्वेक्षकाच्या तक्त्यात जे विकत घेतले जात नाही ते अतिरिक्त. ऊसतोडणीचे यंत्र शेतात शिरले की वाढे तसेही कोयत्याच्या हातून जातात. त्याला भाव फुटला की ते गोळा करणारा ठेकेदार येईल.

कडब्याला कचरा म्हणणारा माणूस दुष्काळी भागात कधी हिंडलेला नसतो. विदर्भातील चुलींत पऱ्हाट्या आणि तुराट्या जळतात. गॅसचे सिलिंडर घरात आले असले तरी ते पुन्हा भरण्यास पैसे नसले की चूल पेटते, हे कोणत्याही गावात पाहावयास मिळते. उसाचे पाचट जाळू नका, शेतातच कुजवा, असा सल्ला कृषी खाते वर्षानुवर्षे देत आले आहे, कारण उसाने थकलेल्या जमिनीला सेंद्रिय कर्ब दुसरीकडून मिळत नाही. जनावर, चूल आणि माती हे तिघे या 'कचऱ्या'चे जुने धनी आहेत. यांतले पहिले दोघे गरिबाचे आहेत आणि तिसरी बोलत नाही. पंजाब-हरियाणाच्या शेतांत जाळला जाणारा पेंढा ही वेगळी बाब. तेथे पानिपतसारख्या प्रकल्पाने खरोखर उपकार होऊ शकतो. तेथला हिशेब जसाच्या तसा मराठवाड्याला लावणे हा अडाणीपणा ठरेल.

काही साथी यावरून असा निष्कर्ष काढतील की हे सारे तंत्रच भांडवलदारी कारस्थान आहे आणि त्याला विरोध करावा. तो चुकीचा आहे. तेल आणि कोळसा यांवर उभी असलेली रसायन उद्योगाची इमारत कायम राहू शकत नाही. पृथ्वीची हवा तापते आहे आणि तिचा पहिला तडाखा कोरडवाहू शेतकऱ्यालाच बसतो आहे. शिवाय विरोधाची पोकळी आहे त्या मार्गानेच भरली जाते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले ते पाचटावर नव्हे. ते ऊस, मका आणि तांदूळ यांवर. मका इथेनॉलकडे वळल्याने कोंबडीपालकांचे खाद्य महागले. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यास बंदी केली तेव्हा कर्ज काढून उभ्या केलेल्या आसवन्यांचे संचालक दिल्लीला धावले, आणि काही दिवसांत ती सैल करावी लागली. धान्याचे इंधन करण्यापेक्षा चिपाडाचे रसायन करणे शतपटीने शहाणपणाचे. मात्र सेल्युलोज फोडणारा स्वस्त उत्प्रेरक जितका लांबेल तितका धान्यावरचा दाब वाढेल. म्हणून या संशोधनाला निधी कमी पडतो तेव्हा ती केवळ शास्त्रज्ञांची तक्रार समजू नये.

साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा तोंडावर आहेत. बहुतेक ठिकाणी अहवाल हवेतच मंजूर होतो आणि सभासद चहा घेऊन घरी जातो. या वर्षी निदान ज्या कारखान्यांत पक्षाचे सभासद आहेत तेथे काही साधे प्रश्न लेखी द्यावेत. चिपाड कोणाला, किती वर्षांच्या कराराने, कोणत्या भावाने दिले जाते? ते घेणाऱ्या कंपनीत संचालकांचे वा त्यांच्या नातलगांचे भाग आहेत काय? रसायनाचा प्रकल्प काढायचा झाल्यास त्याचे उत्पन्न ७०:३० च्या हिशेबात धरण्याची तरतूद पोटनियमांत करणार काय? आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना व साखर संघ यांच्यात दराचा करार पुन्हा होईल तेव्हा वाहतूक, मुकादमाचे कमिशन, विमा यांच्या कलमांखाली आणखी एक कलम हवे: तोडलेल्या उसाचे वाढे हे तोडणाराचे, आणि यंत्राने तोडणी झाली वा वाढ्यांना कारखान्याने भाव दिला तर त्या भावातील वाटा कोयत्याला रोख मिळेल. करारात हे एकच वाक्य घालावयाचे आहे, पण ते पाचटाला भाव फुटण्याच्या आत घातले गेले पाहिजे. भाव फुटल्यानंतर त्या वाक्याची किंमत मागणाऱ्याला परवडणार नाही.